झिरपतं मडकं

सेमिनरी हिल्सच्या ग्रंथालयात, मे महिन्यात,
दुपारी बारानंतर दोनच माणसं उरतात.
एक फादर लाझारस, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आणि मी, सलोमी गायधने, पानाला अठरा रुपये.
कुलरमधला वाळा नवा, मोटर जुनी,
म्हणून वास येतो, वारा येत नाही.
फादर लॅटिन वाचतात, थांबतात, मराठीत सांगतात.
मी टाइप करते.

बिशपचं नाव ओडेमार.
आठशे वर्षांपूर्वी, बर्फाच्या मुलखात,
तो बायकांना पत्रं लिहायचा.
राणीला एक, एका सरदाराच्या विधवेला चार,
आणि मठाची माता गिझेलिंद, तिला तेवीस.
विधवेला लिहितो, पुन्हा लग्न करू नकोस,
दागिने चर्चला दे, किल्ल्या मुलाकडे.
राणीला लिहितो, राजाचा राग तुझ्याच हातात आहे,
आमचा कर तेवढा माफ करून घे.
म्हणजे अडलं की बाई समर्थ.

माझ्या नावावर फादर म्हणतात,
कबरीजवळ सुगंधी द्रव्य घेऊन गेली, ती सलोमी.
ओडेमारला विचारलं असतं
तर त्यानं नाचणारीच धरली असती.

सातव्या पत्रात एक वाक्य येतं.
फादर चष्मा पुसतात.
"स्त्री म्हणजे... काय म्हणू, सलोमी? नाजूक पात्र?"
फुटकं म्हणतोय का, मी विचारते.
"नाही, फुटकं नाही. पाणी धरून ठेवत नाही असं.
तिच्यापाशी गुपित ठेवू नये, म्हणतो."
मी लिहिते : झिरपतं मडकं.

आणि आठव्या पत्रात, त्याच बाईला,
ओडेमार सांगतो, दाढ ठणकते,
रात्र रात्र डोळा लागत नाही,
प्रार्थनेला गुडघे टेकले की वाटतं
समोर कोणीच नाही.
हे कुणाला कळू देऊ नकोस.
फादर बराच वेळ पुढची ओळ वाचत नाहीत.
टीव्ही टॉवरभोवती घारी फिरतात.

गिझेलिंदची उत्तरं कुणी जपली नाहीत.
तिनं धाडलेल्या वस्तू मात्र आहेत, त्याच्या आभारांत :
लोकरीचे मोजे, मेणबत्त्या,
दाढेखाली धरायला चार लवंगा.
लवंगा पोचायच्या तिथवर?
"पोचायच्या," फादर म्हणाले, "गुपितापेक्षा हळू."

सोळाव्या पत्रात तो चिडलाय.
तुझ्या मठातली जी बहीण माझी प्रवचनं उतरवते
तिला सांग, माझी वाक्यं सुधारू नकोस.
नाव नाही देत तिचं.
माझे हात थांबले.
कालच मी फादरांचं एक क्रियापद
उचलून वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवलं होतं,
दोन "की" गाळले होते.
त्यांना कळलं नाही. किंवा कळलं.

तिची बोटं गारठलेली असणार.
माझी घामानं की-बोर्डला चिकटतात.
बायकांवरच्या त्या प्रवचनाशी आल्यावर
तिला वाटलं असेल का,
एक अक्षर घसरावं, निंदेचं काही भलतंच व्हावं?
मला तर बॅकस्पेस आहे.
मी वर गेले, सातव्या पत्रापाशी,
कर्सर तिथे लुकलुकत राहिला.

नाही बदललं.
व्याकरण त्याचं दुरुस्त करीन,
मत त्याचं त्याच्या गळ्यात, काना-मात्रेसकट.

चार वाजता उठले.
व्हरांड्यात देणगीची स्टीलची टाकी आहे,
दात्याच्या नावाची, थेंब गळत नाही तिचा,
आणि पाणी असं की थेट चहापत्ती टाकावी.
शेजारी तिवईवर कामठीचा माठ,
खालची वाळू कायम ओली.
माय म्हणायची, घेताना वाजवून पाह्य,
अन् पाझरत नसन तं वापस कर.

मी दोन पेले भरले.
"गार आहे," फादर म्हणाले,
आणि चांगल्या डोळ्यानं
सतराव्या पत्राचं पान शोधू लागले.